आमच्या जिन्यातल्या वायरला मोबाइल पर्याय नाही

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय: बाजार ठरवताना मोबाइल सेवेला घरच्या वायरच्या सेवेचा पर्याय मानण्याबाबत

स.न.वि.वि.

मी मुलुंड पूर्वेला राहते. आमची सोसायटी सात मजल्यांची, ५६ घरांची. गेली काही वर्षं तिची सचिव मी आहे. पोटापाण्याचं काम म्हणजे लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देणं आणि छोट्या दुकानदारांचं जीएसटी सांभाळणं. हे सगळं घरूनच चालतं, हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. कोणत्या सेवा एकमेकींचा पर्याय म्हणून एकाच बाजारात मोजायच्या, या प्रश्नाला आपल्या प्राधिकरणात ‘बाजाराची व्याख्या’ म्हणतात. तो माझ्याकडे टेबलाखालच्या डब्यावरचा लाल दिवा होऊन येतो.

एका जुलैतली गोष्ट सांगते. २९ तारीख, विवरणपत्रांच्या मुदतीला दोन दिवस उरलेले. संध्याकाळी सव्वासातला वायफायच्या डब्यावर लाल दिवा लागला. बाहेर धो धो पाऊस आणि नाक्यावर रस्ता खोदलेला, त्यामुळे वायर कुठे तुटली हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि कामाला लागले. पहिली दोन विवरणपत्रं गेली सुद्धा. मनात म्हटलं, चला, निभावलं.

आठ वाजले, लोक ऑफिसातून घरी येऊ लागले. प्रत्येकाच्या डब्यावर तोच लाल दिवा, मग प्रत्येकाने तेच केलं जे मी केलं होतं. साडेआठला माझ्या फोनवर रेंजच्या चारही काड्या दिसत होत्या, आणि पोर्टलवर नुसतं चक्र फिरत होतं. ओटीपी यायचा तो वेळ टळून गेल्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा अर्ध्यात अडकली, त्याची आई जिन्यात उभी राहून घराघरांत विचारत होती, “तुमच्याकडे चालू आहे का हो?” कुणाकडेच चालू नव्हतं. शेजारच्या दोन इमारतींतही तीच रड. रात्री अकराला लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी नाहूरला बहिणीकडे गेले आणि पहाटेपर्यंत तिच्या वायरवर काम केलं.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली, आणि तीच सांगायला हे पत्र लिहिते आहे. एका घराची वायर तुटली तर मोबाइल हात देतो. सगळ्या गल्लीची तुटली की मोबाइलही बसतो. टॉवरची ताकद सगळ्यांनी मिळून वापरायची असते, माणसं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. घरातली फायबर मात्र शेजाऱ्याने सिनेमा लावला म्हणून माझ्यापुरती फारशी आटत नाही. म्हणजे मोबाइल हा आडवेळेचा आधार आहे, आणि तोही बाकीच्यांची वायर शाबूत असेल तोवरच. दुधाची तहान ताकावर भागवतात हे खरं, पण म्हणून दूधवाल्याने भाव वाढवला तर ताक आहेच की, असं कुणी म्हणत नाही.

आपल्या क्षेत्रात मात्र हा युक्तिवाद होतो. मोबाइलमध्ये चार कंपन्या आहेत, चुरस आहे, मोबाइलवरही इंटरनेट मिळतं, तेव्हा घरच्या वायरच्या बाजारात वेगळं लक्ष घालायची गरज नाही. ब्रॉडबँडची आपली व्याख्याही त्याला खतपाणी घालते: किमान २ एमबीपीएस वेग, मग तो तारेतून येवो की हवेतून. देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांची संख्या ९० कोटींच्या वर, आणि त्यांतले तारेवरचे साधारण ४ कोटींच्या घरात. सगळे एकाच पंगतीत बसवले की तारेची बाजू पानातल्या मिठाएवढी दिसते. २००२ पासूनच्या आंतरजोडणीच्या, म्हणजे कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडण्याच्या, नियमांत ज्या कंपनीकडे सेवाक्षेत्रातला (परवान्याच्या विभागातला) ३० टक्के व्यवहार, ती प्रबळ मानली जाते. मोबाइलचे आकडे पोटात घेतले तर आख्ख्या गल्लीला एकटी वायर देणारी कंपनीही त्या मोजमापात कुठेच दिसणार नाही.

एक गोष्ट मी आधीच मान्य करते. बोलण्यापुरतं पाहिलं तर मोबाइलने जुन्या फोनची जागा घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. माझ्या वडिलांच्या व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्यांचा नंबर छापलेला असायचा आणि पुढे कंसात ‘पीपी’. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या. मग आमचा स्वतःचा फोन आला, त्याच्यावर आईने विणलेला रुमाल घातलेला असे. २०२१ च्या जानेवारीपासून त्या फोनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य दाबावं लागू लागलं. आई दर वेळी शून्य विसरायची, शेवटी कंटाळून तिने तो फोन लावणंच सोडलं. घरात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आल्यावर आम्हीही तो काढून टाकला आणि कुणाचं काही अडलं नाही.

युरोपनेही हेच पाहिलं. कोणत्या बाजारांवर आगाऊ नियमन ठेवायचं, म्हणजे तक्रार होण्याआधीच नियम लावायचे, याची यादी युरोपीय आयोग काढतो. २००३ च्या यादीत १८ बाजार होते, २००७ मध्ये ७ राहिले, २०१४ मध्ये ४, आणि २०२० मध्ये फक्त २. ग्राहकाला घरचा टेलिफोन देण्याचा बाजार २०१४ मध्ये यादीतून गेला, कारण बोलणं मोबाइलवर आणि इंटरनेटवर सरकलं होतं. पण एका ठरलेल्या जागेपर्यंत पोचणाऱ्या स्थानिक वायरीचा घाऊक बाजार, म्हणजे ती वायर दुसऱ्या कंपन्यांना वापरायला देण्याचा, २०१४ मध्ये राहिला आणि २०२० च्या त्या दोनांतही राहिला. फोनसाठी मोबाइल पर्याय झाला म्हणून घरच्या जोडणीसाठीही झाला, असं त्यांनी धरलं नाही.

कुणी ऑस्ट्रियाचं उदाहरण देईल, तेही मी वाचलं आहे. तिथल्या नियामकाने २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी टेलिफोनच्या तारेवरचं, केबलवरचं आणि मोबाइलवरचं इंटरनेट एकाच बाजारात धरलं, आणि युरोपीय आयोगाने त्याला हरकत घेतली नाही. पण त्याच निर्णयात व्यवसायांचा बाजार वेगळा ठेवला होता. आणि तो काळ असा होता की तिथे मोबाइलचा डोंगल आणि घरची तार वेगात आणि किमतीत जवळजवळ येऊन बसले होते. आपल्याकडे ते अंतर केवढं आहे? मोबाइलच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी, म्हणजे महिन्याला फार तर ६०. घरगुती फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबी. अनलिमिटेड ५जी आहे, हो, पण ते ठरावीक वरच्या प्लॅनवर, ५जीचाच फोन हातात असेल आणि ५जीची रेंज असेल तर. आमच्या तळमजल्याच्या मागच्या खोल्यांत ती नसते. २०२२ च्या लिलावात ५जीसाठी मुख्यतः विकला गेलेला ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा जुन्या ९०० च्या पट्ट्यासारखा भिंती भेदत नाही, आणि २६ गिगाहर्ट्झचा तर भिंतीपाशीच थांबतो. मुंबईत इमारतीला इमारत चिकटलेली असते, हे आपल्याला मी सांगायला नको.

पर्याय आहे की नाही हे तपासायची आपल्या क्षेत्रातली कसोटी मला आवडली, कारण ती भाजीबाजारातली आहे. समजा एकाच विक्रेत्याच्या हाती सगळा माल आहे आणि त्याने भाव ५ ते १० टक्क्यांनी कायमचा वाढवला. गिऱ्हाईक दुसऱ्या कशाकडे वळलं का? इतकं वळलं की वाढ अंगाशी आली, तर ती दुसरी वस्तूही त्याच बाजारात धरायची. या कसोटीच्या जवळ जाणारा प्रसंग जुलै २०२४ मध्ये सगळ्या देशासमोर घडला. तिन्ही खासगी कंपन्यांनी मोबाइलचे दर एकदम वाढवले, बऱ्याच प्लॅनमध्ये १० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान. पुढचे काही महिने आपल्याच मासिक आकड्यांत त्यांचे ग्राहक घटले आणि भारत संचार निगमचे वाढले. लोक मोबाइलवरून मोबाइलवर गेले. माझ्या ओळखीत तरी रिचार्ज महागला म्हणून कुणी वायर घेतली नाही, आणि वायरवाल्या घरांपैकी कुणी मोबाइल सोडला नाही. ज्यांना परवडतं ते दोन्ही ठेवतात. जी वस्तू माणूस दुसरीच्या जोडीला घेतो, ती तिच्या बदली घेतो असं कसं म्हणायचं?

स्पर्धा कायदा, २००२ हाच विचार साध्या शब्दांत सांगतो: गुणधर्म, किंमत आणि वापराचा हेतू पाहून ग्राहक ज्या वस्तू एकमेकींच्या जागी घेतो, त्या एका बाजारातल्या. ग्राहक. कंपनीच्या जाहिरातीत काय लिहिलं आहे, ते नव्हे.

आता ज्या ठिकाणी घोडं खरं पेंड खातं, तिकडे येते. मोबाइल हा वायरचा प्रतिस्पर्धी मानला तरी ते दोघं कुणाचे आहेत? ज्या मोठ्या कंपन्या आज घराघरांत फायबर नेतात, त्यांतल्या दोन सर्वांत मोठ्या मोबाइलमधल्याही सर्वांत मोठ्याच आहेत. आमच्या सोसायटीतल्या निम्म्याहून जास्त घरांत वायर आणि सिम एकाच कंपनीचं आहे. वायर महाग झाली म्हणून एखादा चिडून मोबाइलवर गेला, तर पैसा कुठे गेला? त्याच कंपनीच्या या खिशातून त्या खिशात. बाहेरच्या प्रतिस्पर्ध्याची भीती दरवाढ रोखते, स्वतःच्याच दुसऱ्या दुकानाची नाही. म्हणून नुसतं ग्राहक वळतात का, एवढं पाहून भागणार नाही. वळून ते कुणाकडे जातात हेही पाहावं लागेल. हा मुद्दा आपल्या कागदांत ठळकपणे यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आपण चुरशीच्या भरवशावर दिली आहे.

आणि चुरस मोजायची कुठे? आपण सेवाक्षेत्र धरता. मुंबईच्या सेवाक्षेत्रात ठाणे, कल्याण, नवी मुंबईही आली. मोबाइलसाठी ते ठीक आहे, टॉवर सगळ्यांचे सगळीकडे असतात. वायरचा बाजार मात्र आमच्या जिन्यात संपतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पत्र्याचा एक डबा आहे, जुन्या तांब्याच्या जोड्यांचा. त्याचं झाकण सुतळीने बांधलेलं. त्याच्या शेजारी फायबरचा पांढरा डबा, त्यातून पिवळ्या बारीक वायरी घराघरांत गेलेल्या. त्यावर एकाच कंपनीचं नाव. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस पाहणी करून गेला. म्हणाला, “मॅडम, गच्चीवरून आणावी लागेल, निदान पंधरा घरं द्या.” आम्ही अकरा जमवली. तो परत आला नाही. कागदावर मुंबईत डझनभर कंपन्या इंटरनेट देत असतील, माझ्या जिन्यात एकच आहे.

नवीन वायर आणणं म्हणजे काय, हे जरा जवळून पाहावं. रस्त्याखालून न्यायची तर महापालिकेची खोदाईची परवानगी. गेली काही वर्षं शहरभर रस्त्यांचं काँक्रीटीकरण चाललं आहे. चांगलं आहे, खड्डे संपावेत ही आमचीही इच्छा. पण एकदा काँक्रीट पडलं की तो रस्ता पुन्हा फोडू देणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे आज ज्याचा पाइप खाली गेला तो पुढची अनेक वर्षं एकटाच खाली राहणार. वरून न्यायची तर झाडांवरून, दिव्याच्या खांबांवरून लोंबकळत, पावसाळ्यात तुटायला मोकळी. त्यानंतर सोसायटीची परवानगी. इथे चूक आमच्या लोकांचीही आहे. काही ठिकाणी कमिटी एकाच कंपनीला आत घेते आणि बाकीच्यांना दारातून परत पाठवते. मी स्वतः एका बैठकीत ‘भिंतींना अजून भोकं नकोत’ या कारणावर मान डोलावली होती. त्या जुलैनंतर ते मत मी सोडलं.

युरोपात आगाऊ नियमनासाठी तीन प्रश्न विचारतात: नव्याला आत येणं दीर्घकाळ अवघड आहे का, बाजार आपोआप चुरशीकडे सरकतो आहे का, आणि नुसता स्पर्धा कायदा पुरेल का. जिन्यातल्या डब्यासमोर उभं राहून यांची उत्तरं द्यायला मला तज्ज्ञाची गरज वाटत नाही. आणि पहिला शब्द आपलाच असायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी स्पर्धा आयोग विरुद्ध भारती एअरटेल या प्रकरणात सांगितलं आहे: दूरसंचारातल्या तांत्रिक बाबी आधी नियामकाने ठरवायच्या, स्पर्धा आयोग त्यानंतर. आपण बाजाराची रेघ चुकीची ओढली तर पुढे आयोगही त्याच चुकीच्या रेघेवरून चालणार.

हवेतून येणाऱ्या घरगुती डब्याबद्दलही लिहायला हवं, कारण पुढचा वाद तिथेच होईल. खिडकीबाहेर ५जीचा रिसिव्हर लावतात आणि आत वायफाय देतात. २०२५ च्या जानेवारीपासून आपल्या मासिक अहवालांत हे ग्राहक वायरलेसमध्ये, पण मोबाइलपासून वेगळे दाखवले जातात. हे वेगळेपण जपावं. माझ्या मते वायर आहे की नाही हा प्रश्नच गौण आहे. घरात एका जागी बसवलेलं, सगळ्या कुटुंबाने दिवसभर वापरायचं, महिन्याच्या हिशेबाने भरपूर डेटा देणारं कनेक्शन ते घरचं, मग ते काचेच्या धाग्यातून येवो की हवेतून. अशा डब्याने एखाद्या इमारतीत खरोखर दुसरा पर्याय उभा केला, तर तो जरूर मोजावा. पण तोही त्याच कंपनीचा असेल तर वरचा खिशांचा हिशेब पुन्हा करावा लागेल.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची मुलगी बारावीला आहे. त्यांच्या घरी वायर नाही, येणारही नाही. भाड्याची खोली, दर अकरा महिन्यांनी बदलते. एका फोनवर दीड जीबीत ती व्याख्यानं बघते, रात्री दहानंतर डेटा संपला की वही उघडते. तिच्यासाठी मोबाइल हा पर्याय आहे असं म्हणणं मला क्रूर वाटतं, कारण पर्याय म्हणायला आधी दोन गोष्टी लागतात. दोन्ही बाजार एक केले तर तिचंही नुकसान आहे: फायबर स्वस्त झालं की सरासरी दर खाली दिसतो, आणि तिचा रिचार्ज वाढलेला कुणाच्या नजरेला येत नाही.

आणखी एक विषमता. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, देशभर २० जानेवारी २०११ पासून. ०२२ च्या नंबरला ती सोय आजही नाही. आमच्या तळमजल्यावरच्या दंतवैद्य बाईंचा जुना नंबर अर्ध्या मुलुंडला पाठ आहे, तो सुटेल म्हणून त्या कंपनी बदलत नाहीत. २०१५ मध्ये आपण तारेच्या फोनला चालना मिळावी म्हणून तारेच्या आणि मोबाइलच्या परस्पर कॉलवरचं जोडणी शुल्क, म्हणजे एका कंपनीने दुसरीला द्यायचे पैसे, शून्य केलं होतं. तेव्हा आपण तारेला वेगळी, जपण्याजोगी सेवा मानलं होतं. तीच नजर आज ठेवावी.

तेव्हा मागणी सरळ आहे. बोलण्याच्या सेवेसाठी मोबाइल आणि तार एकत्र धरा, हरकत नाही. घरच्या इंटरनेटचा बाजार वेगळा धरा, आणि त्यातही घरगुती आणि व्यवसायाचा वेगळा. प्राबल्य मोजताना सेवाक्षेत्राच्या खाली उतरून निदान वॉर्डपर्यंत, जमल्यास इमारतीपर्यंत या. कंपन्यांना कुठल्या इमारतीत आपला डबा आहे हे पक्कं माहीत असतं, तो तपशील त्यांच्याकडून मागवा. ज्या इमारतीत एकच वायर आहे तिथे जिन्यातली नळी आणि गच्चीचा रस्ता दुसऱ्यालाही वाजवी दरात मिळेल असा नियम करा, आणि तो आम्हा सोसायट्यांनाही लागू करा. सेवेत खंड पडला तर मिळणाऱ्या भरपाईबद्दलही थोडं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत जिल्हाभर २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर सवलत आहे. आमचा जिल्हा म्हणजे मुंबई उपनगर, वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत. तो सगळाच्या सगळा कधी बंद पडणार? बंद पडते ती आमची गल्ली.

वॉचमनच्या केबिनमध्ये एक शंभर पानी वही आहे. त्या जुलैनंतर आम्ही तिच्यात दर खंडाची नोंद ठेवतो: तारीख, दिवा लाल झाला ती वेळ, हिरवा झाला ती वेळ, आणि त्या वेळात मोबाइलवर काम झालं की नाही. वॉचमन काका रात्रपाळीला असले तर पावसाचीही नोंद करतात. मोबाइलच्या रकान्यात संध्याकाळी सातनंतर बहुतेक जागी ‘नाही’ आहे. आपल्यापैकी कुणी किंवा आपले अधिकारी मुंबईला आले तर वही आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोन्ही डबे दाखवायला मी घरीच असते.

आपली,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड पूर्व, मुंबई

सोबत: खंडाच्या नोंदवहीच्या पानांच्या छायाप्रती